शेअर खात्यात कोणी शिरलं तर पहिला फोन कोणाला करायचा?

ट्रेडिंग खात्यातून पैसे काढले तर ते नोंदणी केलेल्या बँक खात्यातच जातात, म्हणजे तुमच्याच. मग तुमचा पासवर्ड दुसऱ्या कोणाला मिळाला तर तो त्याचं करणार काय? हा प्रश्न आधी सोडवायला हवा. चोर पैसे कोणत्या वाटेने नेतो ते कळलं, तरच पहिला फोन कोणाला करायचा ते कळतं.

आपल्याकडे गोव्यात पैशाचं काही बिघडलं की माणूस बँकेत धावतो. शाखा ओळखीची, तिथला कारकूनही ओळखीचा, त्यामुळे ते साहजिक आहे. पण शेअर खात्याच्या चोरीत पुष्कळदा बँकेतून एक रुपयाही गेलेला नसतो. फोंड्याच्या किंवा डिचोलीच्या शाखेत टोकन घेऊन बसलेल्या तासाभरात तिकडे खातं रिकामं होत राहतं.

पैसे जातात कसे

शेअर बाजारात ऑप्शन नावाचे करार विकले जातात, ठरलेल्या मुदतीत ठरलेल्या भावाने खरेदी किंवा विक्री करण्याच्या हक्काचे. त्यांतले कितीतरी असे असतात, ज्यांत दिवसभर जवळजवळ कोणी व्यवहारच करत नाही. चोर असा एक ऑप्शन निवडतो. त्याची खरी किंमत समजा फार तर २० रुपये आहे. आपल्या ताब्यातल्या दुसऱ्या खात्यातून (ते बहुधा कमिशन देऊन मिळवलेलं, तिसऱ्याच कोणाच्या नावावरचं असतं) तो ६० रुपयांना विक्रीची ऑर्डर लावतो. मग तुमच्या खात्यात शिरून तोच ऑप्शन ६० रुपयांना विकत घेतो. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात कोणी तुमचं पाकीट मारावं, स्वतःच कांद्याची पाटी मांडून बसावं आणि तुमच्याच पाकिटातून स्वतःकडून सोन्याच्या भावाने कांदे घ्यावेत, तसा हा प्रकार. पाकीट परत मिळतं, पण आत कांदे असतात. तुमच्या खात्यावर दिसतो तो तोटा आणि त्याच्या खात्यावर तेवढाच नफा. तो नफा त्याच्या बँकेत अगदी रीतसर मार्गाने जातो.

यातली सगळ्यात वाईट गोष्ट अशी की ब्रोकरच्या संगणकाला यात चोरी दिसत नाही. ग्राहकाने वेडगळ सौदा केला आणि त्याला नुकसान झालं, एवढंच दिसतं. ही चोरी आहे हे ओरडून सांगावं लागतं, आणि ते काम तुमचंच.

खात्यात रोख पैसे नव्हते, म्हणून सुटलो असंही नाही. तुमच्याकडे वर्षानुवर्षं जपलेले शेअर असले तर चोर आधी ते विकतो आणि त्या विक्रीच्या जोरावर पुढची खरेदी करतो. शेअर विकायला डिपॉझिटरीचा (शेअर सांभाळणाऱ्या संस्थेचा) टी-पिन आणि ओटीपी लागत असेल तर इथे एक अडसर असतो. पण खातं उघडताना डीडीपीआय नावाच्या संमतीपत्रावर सही केली असेल, तर विक्रीसाठी दर वेळी ओटीपी लागत नाही. २०२२ पासून जुन्या मुखत्यारपत्राच्या जागी हे संमतीपत्र आलं. अनेकांनी ते दिलेलं असतं आणि त्यांच्या ते लक्षातही नसतं. आपण दिलं आहे का, हे ब्रोकरच्या ॲपमध्ये प्रोफाइलखाली बघता येतं.

दुसरी वाट साधी आहे. चोराचा ताबा फक्त ट्रेडिंग खात्यावर नसून तुमच्या फोनवरच असला, तर तो यूपीआय किंवा नेटबँकिंगमधून बँकेचे पैसे थेट उचलतो. ही बँकेची चोरी झाली, तिचा उपाय वेगळा.

आणि तिसऱ्या प्रकाराला लोक हॅकिंग म्हणतात, पण ते हॅकिंग नसतं. व्हॉट्सॲपच्या गटातून कोणीतरी एक ॲप डाउनलोड करायला लावतं, त्यात पैसे भरल्यावर रोज वाढलेले आकडे दिसतात, आणि काढायला गेलं की 'आधी कर भरा' असं सांगितलं जातं. तिथे मुळात शेअर खातं नव्हतंच. पैसे भरले त्या क्षणीच कोणाच्या तरी बँक खात्यात गेले. अशा वेळी ब्रोकरला फोन करून उपयोग नाही, थेट १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला लावायचा.

खात्यात अनोळखी सौदा दिसला तर

वेळ सकाळी सव्वानऊ ते दुपारी साडेतीनमधली असेल, म्हणजे बाजार चालू असेल, तर पहिलं काम एकच: ट्रेडिंग खातं गोठवणं. पासवर्ड बदलणं, घरच्यांना सांगणं, स्क्रीनशॉट काढणं हे सगळं त्यानंतर.

याची सोय सेबीने, म्हणजे शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या संस्थेने, १२ जानेवारी २०२४ च्या परिपत्रकाने ऑनलाइन ट्रेडिंग देणाऱ्या ब्रोकरना सक्तीची केली आहे. संशयास्पद हालचाल दिसली तर ग्राहकाने कळवायचं आणि ब्रोकरने ऑनलाइन प्रवेश बंद करून पडून असलेल्या सगळ्या ऑर्डर रद्द करायच्या. बाजार चालू असताना विनंती आली तर १५ मिनिटांच्या आत, बाजार बंद झाल्यावर आली तर पुढचं सत्र सुरू होण्याआधी. कळवायला ब्रोकरचा एक खास ईमेल पत्ता असतो, तो 'स्टॉपट्रेड' या शब्दाने सुरू होतो आणि पुढे ब्रोकरच्या कंपनीचं नाव येतं. शिवाय ॲपमधून, एसएमएसने किंवा फोनवरूनही ब्रोकर ही सोय देतात. ईमेल मात्र खात्यात नोंदवलेल्या पत्त्यावरूनच जायला हवा.

मजकूर दोन ओळींचा पुरे. 'माझ्या ट्रेडिंग खात्यात माझ्या परवानगीशिवाय व्यवहार होत आहेत, खातं तात्काळ गोठवावं, ऑर्डर रद्द कराव्यात', आणि खाली क्लायंट कोड. फोनवर बोलणं झालं तरी हा ईमेल पाठवाच. तुम्ही किती वाजून किती मिनिटांनी कळवलं, याचा पुरावा पुढे सगळ्यात जास्त उपयोगी पडतो.

गोठवण्याने काय होत नाही तेही लक्षात ठेवायला हवं. चोराने आधीच घेतलेले सौदे आपोआप बंद होत नाहीत. ब्रोकरने तासाभरात तुम्हाला अशा उघड्या सौद्यांची यादी पाठवायची असते. ते ठेवायचे की मोडायचे हे ब्रोकरच्या डीलरशी फोनवर बोलून ठरवा. ऑप्शनची मुदत जवळ असेल तर हा निर्णय लांबवून चालत नाही.

दुसरा फोनही ब्रोकरलाच, पण या वेळी त्याच्या तक्रार विभागाला: 'हे सौदे चोरीचे आहेत, एक्स्चेंजला कळवा, समोरच्या खात्याला मिळणारी रक्कम अडवायची विनंती करा.' समोर कोणाचं खातं होतं ते तुम्हाला दिसत नाही, पण एक्स्चेंजकडे, म्हणजे सौदा झाला त्या शेअर बाजाराकडे, त्याची नोंद असते. आज झालेल्या सौद्याचा हिशोब साधारण लगेच पुढच्या कामकाजाच्या दिवशी चुकता होतो. एकदा रक्कम त्या खात्यातून बँकेत आणि बँकेतून आणखी चार खात्यांत गेली की माग काढणं फार अवघड. म्हणून मी म्हणतो, या चोरीत जे काही वाचायचं ते पहिल्या दिवशी वाचतं. एक्स्चेंज रक्कम अडवेलच असं कोणी सांगू शकत नाही, पण लेखी मागणीच केली नाही तर कोणी आपणहून अडवणारही नाही.

यानंतर डीमॅट खातं. ट्रेडिंग खातं आणि डीमॅट खातं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शेअर पडून असतात ते डीमॅटमध्ये, सीडीएसएल किंवा एनएसडीएल या डिपॉझिटरीकडे. डीमॅटमधून काहीच बाहेर जाऊ नये म्हणून डेबिट फ्रीज मागता येतो, तो अर्ज आपल्या डीपीकडे, म्हणजे डीमॅट खातं जिथे उघडलं त्या संस्थेकडे, करायचा. पुष्कळदा ब्रोकरच डीपी असतो, पण बँकेचं डीमॅट असेल तर डीपी म्हणजे ती बँक.

रात्री उशिरा लक्षात आलं तर घाबरून भलतंसलतं करू नका. शेअर आणि ऑप्शनचा बाजार सकाळपर्यंत बंद असतो. स्टॉपट्रेडचा ईमेल पाठवून ठेवा आणि ती रात्र फोन आणि ईमेल साफ करण्यात घालवा.

१९३० आणि रायबंदर

बँकेतून किंवा यूपीआयवरून पैसे गेले असतील तर १९३० हा राष्ट्रीय क्रमांक. तिथे माहिती नोंदवली की पैसे ज्या बँकेत गेले तिच्याकडे ती पोचते आणि रक्कम पुढे सरकली नसेल तर रोखून धरता येते. फोन लावताना आपला बँक खाते क्रमांक, गेलेली रक्कम, वेळ आणि व्यवहाराचा संदर्भ क्रमांक समोर असू द्या. तक्रार क्रमांक मिळाला की राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर उरलेली माहिती त्याच दिवशी भरून टाका.

ऑप्शनच्या मार्गाने नुकसान झालं असेल तर एक अडचण येते. १९३० वर बँक व्यवहाराचा क्रमांक विचारतात आणि तुमच्याकडे तो नसतो, कारण बँकेतून काहीच गेलेलं नसतं. त्यामुळे निराश होऊन फोन ठेवू नका. पोर्टलवर तक्रार भरा, तिला त्या दिवशीची कॉन्ट्रॅक्ट नोट (ब्रोकर पाठवतो ती सौद्यांची पावती) जोडा. तिच्यात प्रत्येक सौद्याचा ऑर्डर क्रमांक आणि वेळ छापलेली असते. मग प्रत्यक्ष जा. गोवा पोलिसांचं सायबर गुन्हे स्थानक रायबंदरला आहे. काणकोणहून किंवा वाळपईहून लगेच तिथे जाणं जमणार नसेल तर जवळच्या पोलीस स्थानकात तक्रार द्या. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे हद्दीचं कारण देऊन एफआयआर नाकारता येत नाही, आणि एफआयआरची प्रत फुकट मिळते. तक्रार मराठीत लिहिली तरी हरकत नाही, १९८७ च्या राजभाषा कायद्याने गोव्यात सरकारी कामासाठी मराठीला जागा आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६-सी (दुसऱ्याची ओळख, पासवर्ड वापरणं) आणि ६६-डी (संगणकाच्या साहाय्याने तोतयेगिरी) यांचा तक्रारीत उल्लेख करा.

फोन आधी, पासवर्ड मागाहून

खातं फुटलं की प्रत्येकाचा हात पासवर्ड बदलण्याकडे जातो. पण कोणत्या फोनवरून? लग्नाची पत्रिका, वाहतुकीचं चलन, बँकेचं केवायसी अशा नावाने आलेली एपीके फाइल (फोनमध्ये ॲप बसवणारी) उघडली गेली असेल, तर तो फोन तुमचे एसएमएस परस्पर चोराला पाठवत असतो. त्याच फोनवरून नवा पासवर्ड ठेवला की त्याचा ओटीपीही त्यालाच जातो. म्हणून तो फोन एअरप्लेन मोडवर टाका आणि पासवर्ड घरातल्या दुसऱ्या, स्वच्छ फोनवरून किंवा लॅपटॉपवरून बदला.

सुरुवात ईमेलपासून करा, ब्रोकरपासून नव्हे. ईमेल ज्याच्या ताब्यात, तो ब्रोकरचा पासवर्ड हवा तेव्हा पुन्हा बदलू शकतो. ईमेलच्या सेटिंगमध्ये जाऊन फिल्टर आणि फॉरवर्डिंग नक्की बघा. ब्रोकरकडून आलेले मेल आपोआप कचऱ्यात टाकणारा नियम चोर तिथे करून ठेवतात, आणि मग दिवसेंदिवस कॉन्ट्रॅक्ट नोट आपल्याला दिसतच नाही. ब्रोकरच्या ॲपला जोडलेली इतर ॲप्स किंवा एपीआय परवाने (दुसऱ्या सॉफ्टवेअरला खातं वापरू देण्याची परवानगी) असतील तर तेही काढून टाका, नाहीतर पासवर्ड बदलूनही ती वाट उघडी राहू शकते.

सिमचा प्रकार आपल्या भागात जास्त फसवतो. चोराने तुमच्या नावाने नवं सिम काढलं की तुमच्या फोनची रेंज जाते. सत्तरीत किंवा सांग्यात पावसाळ्यात रेंज जाणं इतकं नेहमीचं आहे की दोन दिवस कोणाला शंकाही येत नाही. घरात त्याच कंपनीचं दुसरं सिम असेल तर ते चालतंय का बघा. ते चालतंय आणि तुमचंच बंद आहे, तर लगेच कंपनीला फोन करून सिम बंद करायला सांगा. सिम चालू असेल पण ओटीपीचे कॉल येत नसतील तर ##००२# डायल करा, त्याने सगळं कॉल फॉरवर्डिंग रद्द होतं. आपल्या नावावर आणखी किती क्रमांक चालू आहेत ते संचार साथी या सरकारी पोर्टलवर दिसतं.

बिघडलेला फोन मात्र घाईने फॉरमॅट करू नका. आधी दुसऱ्या फोनने त्यातल्या मेसेजचे, आलेल्या फाइलचे, कॉलच्या यादीचे फोटो काढा. पोलिसांना तो फोनच लागण्याची शक्यता असते, त्यांना विचारल्याशिवाय काही पुसू नका.

खातं नवऱ्याचं, फोन बायकोकडे

वास्को, मडगावपासून थेट गावागावांत बोटीवर नोकरी करणाऱ्यांची घरं आहेत. खातं बोटीवरच्या माणसाच्या नावावर, व्यवहार बघणारी बायको किंवा वडील, आणि तो मधल्या समुद्रात, कित्येक दिवस फोनच्या पलीकडे. अशा घरात चोरी झाली तर ब्रोकर पहिलाच प्रश्न विचारतो, 'खातेदार कुठे आहेत?' आणि नोंदवलेला ईमेल त्याच्याच बोटीवरच्या फोनमध्ये असतो.

अशा घरांनी दोन गोष्टी वेळेत करून ठेवाव्यात. ब्रोकरकडे नोंदवायचा मोबाइल क्रमांक किंवा ईमेल पती-पत्नीचा, अवलंबून असलेल्या आई-वडिलांचा किंवा मुलांचा चालतो, त्यासाठी लेखी जाहीरनामा द्यावा लागतो. आणि तो माणूस सुट्टीवर आलेला असताना ब्रोकरची खातं गोठवण्याची पद्धत दोघांनी मिळून एकदा नजरेखालून घालावी. पासवर्ड घरात वाटून व्यवहार करणं मला पटत नाही, कारण तंटा झाला की 'पासवर्ड तुम्हीच दुसऱ्याला दिलात' हे वाक्य ब्रोकरकडून येणारच. पण घरोघरी ते चालतं हे मला ठाऊक आहे, म्हणून निदान गोठवण्याचा मार्ग तरी घरात राहणाऱ्याच्या हाती असावा.

नुकसान कोणी भरायचं

बँकेच्या चोरीला रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ रोजी स्पष्ट नियम घालून दिला. चूक तुमचीही नाही आणि बँकेचीही नाही, आणि व्यवहाराचा संदेश मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत तुम्ही कळवलंत, तर तुमची जबाबदारी शून्य. चौथ्या ते सातव्या दिवसात कळवलं तर ठराविक मर्यादेपर्यंत झळ तुम्हाला. कळवल्यापासून दहा कामकाजाच्या दिवसांत बँकेने रक्कम तात्पुरती का होईना खात्यात दाखवायची असते. ओटीपी तुम्हीच सांगितला असेल तर कळवेपर्यंतचं नुकसान तुमचं, कळवल्यानंतरचं बँकेचं.

शेअर खात्याला हा नियम लागू नाही, त्यामुळे 'तीन दिवसांत कळवलं, आता पैसे द्या' असं ब्रोकरला म्हणता येत नाही. तिथे दावा उभा राहतो तो ब्रोकरने काय केलं आणि काय केलं नाही यावर. लॉगिनला दोन पातळ्यांची पडताळणी होती का? अनोळखी उपकरणावरून लॉगिन झालं तेव्हा सूचना पाठवली का? गोठवण्याची विनंती आल्यावर १५ मिनिटांत गोठवलं का? तुमच्या ईमेलनंतर झालेला प्रत्येक सौदा तुमच्या बाजूचा मोठा मुद्दा असतो.

म्हणून पहिल्याच आठवड्यात ब्रोकरकडे लेखी मागणी करा: लॉगिनची नोंद, वेळ, आयपी पत्ता, उपकरण, पासवर्ड कधी आणि कसा बदलला, या सगळ्याचा तपशील. सीईआरटी-इन या सरकारी यंत्रणेच्या २०२२ च्या निर्देशांप्रमाणे अशा संगणकीय नोंदी १८० दिवस ठेवाव्या लागतात. सहा महिन्यांनी जागे होऊन मागितल्या तर 'आता नाहीत' हे उत्तर मिळू शकतं. या नोंदी मागताना भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्रही मागा, त्याच्याविना न्यायालयात छापील कागदाला हरकत घेतली जाते.

ब्रोकरच्या उत्तराने समाधान झालं नाही तर सेबीच्या स्कोअर्स पोर्टलवर तक्रार. तिथे तक्रार पोचल्यापासून ब्रोकरने २१ दिवसांत उत्तर द्यायचं असतं. तेही पटलं नाही तर फेरविचार मागता येतो, आणि पुढे स्मार्ट ओडीआर पोर्टलवर समेट किंवा लवाद. सगळं घरबसल्या होतं, वकील असलाच पाहिजे असं नाही. स्कोअर्सवर तक्रार घटनेपासून एका वर्षाच्या आत करावी लागते. अडल्यास सेबीचा फुकट हेल्पलाइन क्रमांक १८०० २२ ७५७५.

१९३० मुळे एखाद्या बँकेत रक्कम अडकून राहिली असेल तर ती आपोआप परत येत नाही. ती मिळवायला पुष्कळदा न्यायदंडाधिकाऱ्यांकडे नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५०३ खाली अर्ज करावा लागतो. तपास अधिकाऱ्याला 'कोणत्या बँकेत किती रक्कम रोखली आहे' हे स्पष्ट विचारा आणि त्या माहितीवर अर्ज करा. अनेकांचे पैसे रोखलेले असूनही केवळ हा अर्ज न केल्याने तसेच पडून राहतात.

तक्रार केल्यानंतरच्या दिवसांत आणखी एक फोन येण्याची शक्यता असते. 'सायबर विभागातून बोलतोय, तुमचे पैसे सापडले, सोडवायला दहा हजार भरा.' कधी तो वकील असतो, कधी 'सेबीचा अधिकारी'. नुकसान झालेल्या माणसांच्या याद्या चोरांमध्ये फिरतात. पोलीस, सेबी किंवा न्यायालय पैसे परत करण्यासाठी यूपीआयवर फी मागत नाहीत. असा फोन आला तर क्रमांक लिहून घ्या आणि आपल्या तक्रारीत जोडा.

खातं पुन्हा सुरू करण्याची घाई नको. ब्रोकर ओळख पडताळूनच ते उघडतो. त्याआधी फोन साफ झालेला, ईमेलचे नियम तपासलेले आणि सिम ताब्यात असलेलं हवं. उघडताना ऑप्शनचा विभाग तुम्ही वापरत नसाल तर तो बंद करून घ्या. डीडीपीआय दिलेलं असेल तर ते रद्द करण्याचा अर्ज त्याच वेळी द्या, आणि लॉगिनचा ओटीपी एसएमएसऐवजी ऑथेंटिकेटर ॲपवर घ्या.